गाण्यांपुरता काढलेला चित्रपट

लग्नसराईत रविवार कारंजावरून भद्रकालीकडे एखादी वरात चाललेली असावी, नवरदेवाचा घोडा गर्दीने बुजून अडून बसलेला असावा, आणि अशा वेळी बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याने ‘क्या करते थे साजना’ या गीताची चाल धरावी, म्हणजे वरातीतील पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या मंडळींच्या मुद्रा एकाएकी उजळतात आणि एरवी रस्त्यात नाचणे हा अपराध समजणारे गृहस्थही दोन्ही हात वर करून पुढे सरसावतात. मात्र याच मंडळींना बाजूला घेऊन, हे गीत कोणत्या चित्रपटातील, त्या चित्रपटाचा नायक कोण, नायिका कोण, आणि तिच्या प्रेमाचे शेवटी झाले तरी काय, असे विचारले, तर बहुतेकांना चित्रपटाच्या नावापलीकडे काही सांगता येत नाही. कित्येकांना नावही आठवत नाही. ‘लाल दुपट्टा मलमल का’ या 1989 च्या सुमारास आलेल्या हिंदी दूरचित्रपटाची ही गत आहे. ज्याची गाणी पस्तीस वर्षे झाली तरी लोकांच्या ओठांवरून उतरत नाहीत, तो चित्रपट स्वतः मात्र स्मृतीतून जवळजवळ पुसला गेला आहे. आणि त्याच्या बरोबरीने, ती गाणी ज्यांनी रचली व गायिली त्यांचे त्या गाण्यांवरील श्रेयही पुसले जाण्याच्या पंथाला लागले आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीचे कोणाला फारसे दुःख वाटण्याचे कारण नाही. दुसरीचे मात्र वाटले पाहिजे.

रवींद्र पीपट यांनी दिग्दर्शित केलेला, साहिल चढ्ढा आणि वेव्हर्ली या तेव्हा नवख्या असलेल्या जोडीला घेऊन काढलेला हा चित्रपट चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी नव्हताच. तो घरातल्या लहान पडद्यासाठी काढला गेला होता, आणि त्याहूनही खरे सांगायचे तर तो त्यातील गाण्यांची कॅसेट विकण्यासाठी काढला गेला होता. त्याचे निर्माते गुलशन कुमार हे मूळचे दिल्लीच्या दर्यागंजातील फळांच्या रसाच्या दुकानावर बसलेले गृहस्थ; कॅसेटच्या धंद्यात उतरून त्यांनी ‘टी-सीरीज’ हे नाव असे वाढविले, की अनेक दशके ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराचा जणू मक्ताच घेऊन बसलेल्या ‘एच. एम. व्ही.’सारख्या मातब्बर कंपनीलाही आपला कारभार तपासून पाहणे भाग पडले. चित्रपटासाठी गाणी ही आपल्याकडची सर्वमान्य वहिवाट. गुलशन कुमारांनी ती उलटी फिरविली आणि गाण्यांसाठी चित्रपट काढला. नालेसाठी घोडा घेण्याचा हा व्यवहार मूर्खपणाचा ठरेल अशी जुन्या व्यापाऱ्यांची समजूत असेल तर ती सपशेल खोटी ठरली. कारण या व्यवहारात घोडा स्वस्त होता आणि नाल सोन्याची होती.

यामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. मोठ्या चित्रपटाच्या संगीताचे हक्क विकत घ्यायचे तर निर्मात्याच्या दारात उभे राहून रोख मोजावी लागे; शिवाय चित्रपट पडला तर गाणीही त्याच्यासोबत बुडण्याचे भय. स्वतःच एक लहानसा चित्रपट काढला, तर गाण्यांवर संपूर्ण मालकी आपली, प्रसिद्धीचे साधन आपले, आणि चित्रपटगृहांच्या मालकांपुढे पदर पसरण्याचे कारण नाही. 1988 मध्ये ‘कयामत से कयामत तक’च्या गाण्यांनी या कंपनीला तरुण प्रेमिकांच्या बाजारपेठेचा ठाव दाखविलाच होता. तेव्हा त्याच चित्रपटाचे संगीतकार आनंद-मिलिंद आणि त्याच चित्रपटाचे गीतकार मजरूह सुलतानपुरी यांना पुन्हा एकत्र आणावे, गाण्यासाठी अनुराधा पौडवाल यांचा आवाज घ्यावा, आणि पडद्यावर कोण नाचते याची फारशी फिकीर करू नये, अशी ही तजवीज होती. ती इतकी फळली, की पाठोपाठ त्याचा उत्तरभागही निघाला, आणि 1990 मध्ये ‘आशिकी’च्या रूपाने, गाणी आधी व चित्रपट नंतर या रीतीला चित्रपटगृहांतही राजमान्यता मिळाली.

ही गाणी नाशिकला कोणत्या वाटेने आली, हे पाहिले म्हणजे त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म कळते. ती विजयानंद किंवा सर्कल थिएटरच्या तिकीट-खिडकीतून आली नाहीत. आखातात नोकरीला गेलेल्या कोणा भावाने पाठविलेल्या ‘टू-इन-वन’मधून ती आली, मुंबई-आग्रा रस्त्यावरील ट्रकचालकांच्या केबिनमधून आली, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्यांत राबणाऱ्या कामगारांच्या खोल्यांतून आली. ग्रामोफोनची तबकडी हा सुखवस्तू घराचा अलंकार होता; तिला फिरविण्याचे यंत्र हवे, यंत्राला जागा हवी, आणि जागेला बैठकीची खोली हवी. कॅसेटला यांपैकी काहीही लागत नव्हते. खिशात मावणारी ती चपटी डबी एस.टी.च्या प्रवासात पिशवीतल्या भाकरीशेजारी बसे, शेतावर विहिरीच्या काठी वाजे, आणि हेडवर मळ धरून आवाज फुटू लागला म्हणजे स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसून पुन्हा कामाला लागे. गाणे ऐकण्याची ऐपत ही जी काही शतके मोजक्या घरांची मिरास होती, ती त्या दहा वर्षांत फुटली. चित्रपट पाहायचाच झाला, तर गल्लीत वर्गणी काढून रंगीत दूरचित्रवाणी संच आणि व्ही. सी. आर. भाड्याने आणावा, गणेशोत्सवाच्या एखाद्या रात्री मंडपात सतरंजी पसरून तीन चित्रपट ओळीने लावावेत, आणि तिसरा संपेपर्यंत निम्मी आळी तिथेच झोपी जावी, असा तो शिरस्ता होता. तिकडे जिल्हाधिकारी कचेरीतील करमणूक कर शाखेचे कारकून आपल्या 1923 च्या कायद्याची कलमे धुंडाळीत, या नव्या खेळावर कर आकारावा तर कसा, या विवंचनेत असावेत; लोकांना मात्र विवंचना एवढीच, की पहाटे वीज जाऊ नये.

आमच्या अभिरुचिसंपन्न वर्गाने या साऱ्याकडे नाक मुरडून पाहिले. नाशिकचे ते दिवसही मोठ्या मानाचे होते. कुसुमाग्रजांना 1987 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाल्याने गाव कवितेच्या अभिमानाने भारलेले होते, आणि गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत संस्कृतीच्या ऱ्हासाविषयी बोलणारा वक्ता मिळणे कधीही कठीण नव्हते. कॅसेटवरचे गाणे म्हणजे उथळ, दूरचित्रपट म्हणजे हलका, आणि रिक्षात वाजते ते कानाआड करण्याच्या योग्यतेचे, अशी एक श्रेणी विद्वानांनी मनाशी आखून ठेवली होती. या श्रेणीचा दोष असा, की ती कलाकृतीचे मोल तिच्या गुणांवरून ठरवीत नाही. तिची किंमत किती, ती कोठे विकली जाते आणि तिला कोण ऐकतो, यांवरून ठरविते. या निकषावर ‘लाल दुपट्टा’ची गाणी नापास होतात, परंतु ती रचणाऱ्याची सनद तपासली म्हणजे परीक्षकच अडचणीत येतात.

कारण ही गाणी लिहिणारे मजरूह हे कोणी बाजारबुणगे नव्हते. युनानी वैद्यकाचे शिक्षण घेऊन हकीम झालेला आणि मुशायऱ्यांतील कीर्तीमुळे मुंबईत येऊन पोहोचलेला हा गझलकार 1946 मध्ये सैगल यांच्या ‘शाहजहान’साठी गीते लिहून चित्रसृष्टीत आला होता, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत सत्ताधाऱ्यांवर टीका करणारी कविता वाचल्याबद्दल त्याने कारावास भोगला होता, आणि नौशादांपासून राहुलदेव बर्मन यांच्यापर्यंत संगीतकारांच्या दोन पिढ्यांना त्याने शब्द पुरविले होते. ‘लाल दुपट्टा’ लिहिताना ते सत्तरीच्या घरात होते. या वयात विशीतल्या प्रेमिकांच्या तोंडी शोभेल असे, सोपे पण पाणचट नव्हे, आर्जवी पण लाचार नव्हे, असे गीत लिहिणे हे कसब आहे. आणि ते कॅसेटसाठी लिहिले म्हणून तसूभरही उणे होत नाही. पुढे 1993 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मजरूह यांना देण्यात आला. तो मान मिळालेले ते पहिले गीतकार. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आमच्या फाळक्यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान ज्या लेखणीला मिळाला, तिनेच रिक्षांतून वाजणारी ही गाणी लिहिली, ही गोष्ट नाशिककरांनी तरी ध्यानात ठेवावयास हवी.

तीच गोष्ट गायिकेची. अनुराधा पौडवाल यांचा जन्म कारवारचा, वाढ मुंबईची, आणि संसार अरुण पौडवाल यांच्याशी, म्हणजे ‘अनिल-अरुण’ या जोडीतील अर्ध्या भागाशी आणि ‘अशी ही बनवाबनवी’च्या संगीतकाराशी मांडलेला. त्यांची ओळख महाराष्ट्राला मराठी भावगीतांतून आणि चित्रगीतांतून आधीपासूनच होती. ज्या 1989 च्या सुमारास ‘लाल दुपट्टा’ची कॅसेट गावोगाव वाजत होती, त्याच 1989 सालासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळाला आनंद मोडक यांनी संगीत दिलेल्या ‘कळत नकळत’ या मराठी चित्रपटातील गीताबद्दल. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. गळा एकच, वर्षही जवळजवळ एकच. तो मोडकांच्या संयत चालीत संसारातील ताण उलगडून दाखवितो तेव्हा दिल्लीत गौरविला जातो, आणि आनंद-मिलिंद यांच्या थिरकत्या चालीत प्रियकराला लटक्या रागाने जाब विचारतो तेव्हा सुशिक्षित मंडळी त्याला ‘कॅसेटचे गाणे’ म्हणून बाजूला सारतात. पहिल्या गाण्याची उंची कोणी नाकारीत नाही. परंतु सूर लावण्यातील स्वच्छता, शब्दाच्या शेवटी श्वास न सांडण्याची दक्षता आणि स्वरांतील गोडवा कृत्रिम होऊ न देण्याचे भान या दोन्ही ठिकाणी सारखेच आहेत, हे ज्याला कान आहेत त्याला उघड ऐकू येते.

गाणे आणि चित्र यांचा संबंध जन्मजात आहे, अशी आपली समजूत असते. तीही इतिहासाला धरून नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला तेव्हा त्याला वाचा नव्हती. पुढे त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवून ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट इथे सिद्ध केले, त्यांनाही नव्हती. मूकपटांच्या त्या काळात संगीत यायचे ते पडद्यासमोर बसलेल्या पेटीवाल्या-तबलजींकडून. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि गाऊ लागला, तेव्हा तोच काळ फाळक्यांच्या मुळावर आला; मूकपट म्हणून तयार झालेल्या त्यांच्या ‘सेतुबंधन’ला मागाहून ध्वनी जोडावा लागला, आणि 1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट अखेरचा ठरला. म्हणजे चित्र आधी गाण्यावाचून जगले, मग दोघांचा संसार झाला, आणि कॅसेटच्या युगात गाणे चित्रावाचून जगू लागले. या क्रमात कोणताही अधःपात नाही. गाण्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येते, हे नाट्यसंगीताने महाराष्ट्राला पूर्वीच शिकविले होते. कित्येक संगीत नाटकांचे प्रयोग बंद पडून युगे लोटली, तरी त्यांतील पदे मैफलींतून आजही आवर्जून मागितली जातात, आणि त्याबद्दल नाटकाला कोणी हिणवीत नाही.

या नव्या व्यवहाराची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र न्यायाचे होणार नाही. ज्या कंपनीने जुनी मक्तेदारी मोडली, तीच काही वर्षांत नवी मक्तेदार होऊ लागली. जुन्या गाजलेल्या गाण्यांना नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्याचा जो सपाटा तिने लावला, त्याला 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील एका तरतुदीचा आधार असला, तरी मूळ गायकांच्या आणि संगीतकारांच्या मनात त्यामुळे कटुता निर्माण झाली, आणि ती अकारण नव्हती. एकाच कंपनीसाठी गाण्याचे बंधन अनुराधाबाईंनी पुढे स्वीकारले आणि बाहेरच्या चित्रपटांना त्यांचा आवाज दुर्मीळ झाला. यात श्रोत्यांचा तोटाच झाला, असे या लेखकाचे मत आहे. चालींचा तोचतोपणा, वाद्यमेळातील यांत्रिक ठोका आणि यमकांसाठी राबविलेले तेच ते शब्द, हे दोष त्या काळच्या पुष्कळ कॅसेटींत आढळतात. आणि सर्वांत मोठा अन्याय असा, की गीतकार-संगीतकारांना बहुधा एकवार मोबदला देऊन वाटेला लावले जाई. गाणे पुढे दहा वर्षे विकले गेले तरी त्यांचा त्यावर दावा उरत नसे. प्रताधिकार कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने त्यांना स्वामित्वधनातील वाट्याचा हक्क मिळवून दिला, तोपर्यंत मजरूहांना जाऊन बारा वर्षे झाली होती. परंतु हे दोष व्यवहाराचे आहेत. त्यांची शिक्षा गाण्याला देणे म्हणजे सावकाराच्या अपराधाबद्दल कुळाला तुरुंगात टाकण्यासारखे आहे.

घरच्या पडद्यासाठी चित्रपट काढण्याच्या या कल्पनेला आमच्याच जिल्ह्यात जे फळ आले, त्याची नोंद केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मालेगावात यंत्रमागावर राबणारे कारागीर शुक्रवारची सुटी साधून चित्रपट पाहत. त्यांच्यातूनच नासिर शेख या व्हिडिओगृह चालविणाऱ्या तरुणाने हौशी मंडळी गोळा करून, हाती आलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला आणि तो गावाने डोक्यावर घेतला. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर काढलेला अनुबोधपट देशोदेशीच्या महोत्सवांत गाजला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉयज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. गरिबाने आपल्यासाठी, आपल्या भाषेत, आपल्या ऐपतीत काढलेला चित्रपट हाही फाळक्यांचाच वारसा आहे. त्यांनीही पत्नीचे दागिने आणि विमापत्र गहाण टाकूनच चित्रपट काढला होता. परंतु या वारशाला नाशिकच्या अभिमानात अद्याप जागा मिळालेली नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महानगरपालिकेने उभारलेल्या फाळके स्मारकात मूकपटाच्या जनकाचा गौरव आहे, तो असलाच पाहिजे. पण चित्रपटगृहाच्या दारातून न येता लोकांच्या घरात शिरलेल्या चित्रांचे आणि गाण्यांचे तिथे नाव नाही.

जतनाची हेळसांड काय महागात पडते, हे नाशिकइतके दुसऱ्या गावाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रत आज कोठेही उपलब्ध नाही, फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची केवळ नावे उरली. त्यांच्या निधनाच्या वेळी, म्हणजे 16 फेब्रुवारी 1944 रोजी, या गावात त्यांची आठवण ठेवणारे थोडेच होते. त्यांचे मोल कळले ते पुष्कळ उशिरा, आणि तोवर फिती नष्ट झाल्या होत्या. कॅसेटची चुंबकीय फीत त्याहूनही अल्पायुषी आहे. ती बुरशी धरते, ताणली जाते, तिच्यावरील ध्वनी विरत जातो, आणि ती वाजविण्याचे यंत्र दुरुस्त करून देणारा कारागीर आता शोधून सापडत नाही. गाणी इंटरनेटवर आहेत, असे यावर कोणी म्हणेल. आहेत खरी, परंतु तिथे नायकाचे चित्र मिळते आणि गीतकाराचे नाव पुष्कळदा मिळत नाही. त्या पारदर्शक डबीत घडी घालून बसविलेल्या कागदावर मात्र कोणते गीत कोणत्या बाजूला, लिहिले कोणी, चाल कोणाची, गायिले कोणी, हे बारीक टायपात का होईना, पण छापलेले असे. त्या कागदाला दस्तऐवज म्हणून मोल आहे, आणि तो आज भंगाराच्या भावाने चालला आहे.

म्हणून दोन ठिकाणी अर्ज करावयाचा आहे. पहिला नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे. 1840 पासून या गावाने पोथ्या, ग्रंथ आणि नियतकालिके ज्या निष्ठेने सांभाळली, त्याच निष्ठेने आता कॅसेटी, त्यांच्या आवरणांवरील कागद आणि मालेगावच्या व्हिडिओ चित्रपटांच्या प्रती यांचे एक दफ्तर या संस्थेने उघडावे, त्यांची सूची करावी, ज्या वाजतात त्यांचे ध्वनी संगणकावर उतरवून घ्यावेत, आणि महानगरपालिकेने फाळके स्मारकात या संग्रहासाठी एक दालन द्यावे. यासाठी फार मोठा खर्च नको. एक जाणता कार्यकर्ता, दोन चालू यंत्रे आणि ओल न येणारी एक खोली पुरेशी आहे. दुसरा अर्ज वाचकांकडे. माळ्यावर, पलंगाच्या पेटीत किंवा जुन्या सुटकेसमध्ये कॅसेटी पडलेल्या असतील, तर दिवाळीच्या सफाईत त्या भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी आतला कागद काढून एकदा वाचावा, आणि ती डबी कागदासह वाचनालयात नेऊन द्यावी.